पोर्टलंड थॉर्न्सचा इतिहास 10 वर्षांच्या मुलीला कसा सांगू?

स्वरालीची आई

नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ महिन्यांपूर्वी ऑरेगनला, हिल्सबरोमध्ये राहायला आलो. मुलगी 10 वर्षांची, पाचवीत आहे. नवीन शाळेत सुरुवातीला रोज रडायची. मग वर्गातल्या दोन मुलींनी तिला डब्याच्या सुट्टीत फुटबॉल खेळायला घेतलं आणि तेव्हापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच नाव आहे, पोर्टलंड थॉर्न्स.

आता शाळेत 'आपल्या परिसरातली एक संस्था' असा विषय दिलाय. वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचंय. तिने अर्थातच थॉर्न्स निवडलं. आमच्या घरी क्रिकेटपलीकडे कुणी काही पाहिलेलं नाही, म्हणून मी नेटवर वाचायला बसले, तर अर्धी पानं चषकांची आणि अर्धी चौकशी, राजीनामे, दंड यांची. एकाच क्लबच्या या दोन्ही गोष्टी आहेत हे मला जुळवताच येईना.

इथे पोर्टलंडकडे जुनी मंडळी आहेत हे मला माहीत आहे. क्लबचा इतिहास नेमका काय, आणि त्यातलं तिला किती सांगावं? शिवाय ती सीझन तिकिटासाठी मागे लागली आहे. मुलीला घेऊन जावं असं ते ठिकाण आहे का, हेही प्रामाणिकपणे सांगा.

निनाद_के

ताई, पाच मिनिटांच्या भाषणाला पुरेल असं देतो. अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक लीग एनडब्ल्यूएसएल 2013 मध्ये 8 टीम घेऊन सुरू झाली. थॉर्न्स त्यातली एक. चॅम्पियनशिप तीन वेळा जिंकली: 2013, 2017 आणि 2022. साखळीत पहिला नंबर 2016 आणि 2021 मध्ये. 2021 चा चॅलेंज कप, म्हणजे लीगचीच वेगळी स्पर्धा, तीही त्यांनीच जिंकली. मोठी नावं म्हणजे क्रिस्टीन सिंक्लेअर, अ‍ॅलेक्स मॉर्गन, टोबिन हीथ, लिंडसे होरान, सोफिया स्मिथ.

वादाचं लहान मुलांना कशाला सांगायचं? ते मोठ्यांचं प्रकरण आहे.

मंगळवार पेठ ते बीव्हरटन

स्वरालीच्या आई, निनादची यादी बरोबर आहे. पण यादीवरून थॉर्न्स कळत नाही. मी पहिल्या वर्षापासून जाते आहे, त्यामुळे लिहिणं जरा लांबेल, चालवून घ्या.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल कुणाला वेगळा शिकवावा लागत नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की पेठेतली पोरं जेवण अर्धं टाकून शाहू स्टेडियमकडे पळायची. पण मी कधी आत गेले नाही. मुलीबाळींनी त्या गर्दीत जायचं नाही, असा घरचा शिरस्ता होता. गोल झाला की आरोळी आमच्या गच्चीपर्यंत ऐकू यायची, आणि तो कुणी मारला हे भाऊ घरी आल्यावर कळायचं. माझं सगळं लहानपण त्या गच्चीवरून मॅच ऐकण्यात गेलं.

म्हणून 21 एप्रिल 2013 ही तारीख मला घरातल्या वाढदिवसासारखी पाठ आहे. थॉर्न्सची घरच्या मैदानावरची ती पहिली मॅच, समोर सिअ‍ॅटलची रेन. माझी लेक तेव्हा 9 वर्षांची. आम्ही दोघी बीव्हरटनहून मॅक्सने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने गेलो. वॉशिंग्टन पार्कच्या लांब बोगद्यात कान दडे बसतात, तिने माझा हात घट्ट धरला होता. बोगद्यातून बाहेर पडलं की दोन स्टेशनांवर स्टेडियम. ते 1926 सालचं आहे, आणि रस्त्यापेक्षा खाली, खोलगटात बांधलंय. फुटपाथवरून जाताना जाळीतून खाली हिरवं मैदान दिसतं. मला वाटलं होतं दोन-तीन हजार माणसं येतील. फलकावर आकडा आला 16,479. वयाच्या 41 व्या वर्षी मी पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानात पाय ठेवला, आणि त्या मैदानात खेळत होत्या सगळ्या बायका. आपण 2-1 ने जिंकलो. पहिल्या गोलला उत्तरेकडच्या गॅलरीतून लाल धूर उठला, ढोल सुरू झाले, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की लेक माझ्याकडे बघतच राहिली. नाद खुळा म्हणतात तो असा लागला.

ती उत्तरेकडची गॅलरी म्हणजे रोझ सिटी रिव्हेटर्स. पोर्टलंडला गुलाबांचं शहर म्हणतात, म्हणून क्लब झाला थॉर्न्स, म्हणजे काटे. आणि दुसऱ्या महायुद्धात इथल्या गोद्यांमध्ये बायकांनी जहाजं बांधली. कारखान्यांत राबणाऱ्या अशा बायकांचं प्रतीक म्हणजे 'रोझी द रिव्हेटर', तिच्यावरून प्रेक्षकांनी आपलं नाव घेतलं. हे तुमच्या लेकीला नक्की सांगा, वर्गातल्या मुलांना ते आवडेल.

आता पहिल्याच दिवशी 16 हजार माणसं आली कुठून? मला वाटतं खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो क्लबच्या आधीचा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंडमध्ये क्लाइव्ह चार्ल्स नावाचे प्रशिक्षक होते. मूळचे लंडनचे, स्वतः इथल्या टिंबर्स या पुरुषांच्या क्लबकडून खेळलेले. त्यांनी मुलांच्या टीमइतकंच मुलींच्या टीमकडे लक्ष दिलं. तिथे कॅनडातून शिकायला आलेली एक अबोल मुलगी होती, क्रिस्टीन सिंक्लेअर. 2002 च्या राष्ट्रीय कॉलेज फायनलमध्ये जादा वेळेत तिने गोल मारला आणि युनिव्हर्सिटीला विजेतेपद मिळालं. चार्ल्स तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्या ऑगस्टमध्ये गेले. 2005 मध्ये सिंक्लेअरने पुन्हा विजेतेपद आणलं, तेव्हा पुढे जगभर गाजलेली खेळाडू मेगन रॅपिनो तिच्या टीममध्ये होती. त्या काळात मुलींच्या कॉलेज मॅचना इथे देशात सगळ्यात जास्त गर्दी व्हायची. म्हणजे बायकांचा फुटबॉल पैसे देऊन बघायचा असतो, ही सवय शहराला आधीच लागलेली होती.

फक्त क्लब नव्हता. अमेरिकेत बायकांची पहिली व्यावसायिक लीग 2001 मध्ये निघाली आणि 2003 मध्ये बंद पडली. दुसरी 2009 मध्ये आली, 2012 मध्ये तिलाही टाळं लागलं. दोन्हींत पोर्टलंड नव्हतं. तिसऱ्या वेळी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या फुटबॉल संघटनांनी आपापल्या राष्ट्रीय खेळाडूंचे पगार स्वतः उचलायचं ठरवलं, म्हणून मालकांवरचा बोजा हलका झाला. टिंबर्सचे मालक मेरिट पॉलसन यांनी एक टीम घेतली. स्टेडियम तेच, तिकीट खिडकी तीच, ऑफिस तेच. बाकीच्या टीम छोट्या मैदानांवर खेळत होत्या. लीगची सगळ्यात पहिली मॅच कॅन्सस सिटीजवळ शाळांच्या स्टेडियमवर झाली, आणि आपल्या मुली मात्र घरच्या पहिल्या मॅचपासून भर शहरातल्या 20 हजारांच्या स्टेडियमात. पहिल्या वर्षी सरासरी 13,320 प्रेक्षक आले. 2019 मध्ये तीच सरासरी 20,098 झाली, आणि त्या ऑगस्टमध्ये नवीन गॅलरी उघडल्यावर एका मॅचला 25,218. त्या दिवशी एक खुर्ची रिकामी नव्हती.

पहिलं विजेतेपद 31 ऑगस्ट 2013 ला, न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला. प्रशिक्षक सिंडी पार्लो कोन. टोबिन हीथने पहिल्या हाफमध्ये फ्री किकवर गोल मारला. नंतर आपली एक खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर गेली, 10 जणी उरल्या, आणि तशाही अवस्थेत शेवटच्या मिनिटांत सिंक्लेअरने दुसरा मारला. 2-0. घरी आम्ही दोघी सोफ्यावर उभ्या होतो.

आणि या चॅम्पियन मुलींचे पगार माहीत आहेत? राष्ट्रीय संघाबाहेरच्या खेळाडूला वर्षाला कमीत कमी 6,000 डॉलर, जास्तीत जास्त 30,000. महिन्याला 500 डॉलर धरा. लीगमधल्या कित्येक जणी कुणाच्या तरी घरी पाहुण्या म्हणून एका खोलीत राहायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं समजायला ते लागतं. ज्या मुलीचं घर, पगार, टीममधली जागा सगळं एका माणसाच्या मर्जीवर आहे, ती त्याच्याविरुद्ध बोलणार कशी?

2014 मध्ये पॉल रायली प्रशिक्षक म्हणून आले. 2015 च्या हंगामानंतर क्लबने जाहीर केलं की ते पुढच्या वर्षी नसतील, आणि केलेल्या कामाबद्दल आभार मानले. आम्हाला वाटलं टीम नीट खेळली नाही म्हणून गेले. खरं कारण वेगळं होतं. माना शिम या आपल्या खेळाडूने त्यांच्या वागण्याविरुद्ध क्लबकडे लेखी तक्रार केली होती. क्लबने चौकशी केली, लीगला कळवलं, त्यांना जाऊ दिलं, आणि बाहेर अवाक्षर काढलं नाही. काही महिन्यांत ते त्याच लीगमधल्या दुसऱ्या टीमचे प्रशिक्षक झाले.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते याच्यापुढचं. 2016 मध्ये आपण साखळीत पहिले आलो. सेमीफायनल आपल्या मैदानावर, समोर रायलींची टीम. जादा वेळेत आपण 4-3 ने हरलो. पुढच्या वर्षी ती टीम नॉर्थ कॅरोलिनाला हलली. 2017 च्या फायनलला पुन्हा तेच समोर, तेव्हा लिंडसे होरानच्या गोलवर आपण 1-0 ने जिंकलो. 2018 ची फायनल तर आपल्याच स्टेडियममध्ये झाली, 21,144 माणसं, आपण 3-0 ने हरलो आणि रायलींच्या टीमने आपल्यासमोर चषक उचलला. मी त्या गर्दीत होते. तीन वर्षं तो माणूस आमच्यासमोर मैदानाच्या कडेला उभा होता आणि गॅलरीतल्या एकालाही काही माहीत नव्हतं. ऑफिसात बसलेल्यांना मात्र माहीत होतं.

30 सप्टेंबर 2021 ला मेग लिनेहान या पत्रकार बाईंनी 'द अ‍ॅथलेटिक'मध्ये सगळं छापलं. शिम आणि शिनेड फॅरेली या दोघी स्वतःच्या नावानिशी बोलल्या. लैंगिक बळजबरीचे आरोप होते. रायलींनी त्यातले बहुतेक नाकारले. नॉर्थ कॅरोलिनाने त्यांना त्याच दिवशी काढलं, लीगच्या कमिशनर बाईंनी राजीनामा दिला. आठवड्याभरातच, 6 ऑक्टोबरला, आपली ह्यूस्टनबरोबर मॅच होती. सहाव्या मिनिटाला खेळ थांबला. दोन्ही टीमच्या मुली मधल्या वर्तुळाकडे चालत गेल्या आणि हातात हात गुंफून उभ्या राहिल्या. त्या रात्री लीगच्या सगळ्या मॅचमध्ये असंच झालं. सहावं मिनिट का, तर शिम आणि फॅरेलीचं ऐकून घ्यायला सहा वर्षं लागली म्हणून.

ज्या गॅलरीत 90 मिनिटं ढोल थांबत नाही, तिथे कुणी खोकलं तरी ऐकू येत होतं. माझी लेक तेव्हा 17 वर्षांची. तिने 9 वर्षांची असताना धरला होता तसा माझा हात धरला.

म्हणून निनाद, हे मोठ्यांचं प्रकरण आहे असं मला वाटत नाही. हे मुलींचंच प्रकरण आहे.

निनाद_के

काकू, 2016 आणि 2018 चा संबंध मी कधी असा जोडून पाहिलाच नव्हता. वाचून गप्प झालो. तरी एक म्हणतो. पॉलसन यांनी पैसा आणि स्टेडियम दिलं नसतं तर थॉर्न्स झालंच नसतं. तेही इतिहासातच येतं ना?

सह्याद्री_कोच

मी पुण्यात मुलींना फुटबॉल शिकवते. काकू, पुढे काय झालं तेही लिहा. कुणाला शिक्षा झाली? आणि खेळाडूंना आता दाद मागायला जागा आहे का? आमच्याकडे पालक पहिला प्रश्न हाच विचारतात.

स्वरालीची आई

काकू, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. लेकीला अजून दाखवलेलं नाही. एक विचारते, राग मानू नका. एवढं कळल्यावरही तुम्ही जात राहिलात? घरी काय बोलणं झालं?

मंगळवार पेठ ते बीव्हरटन

राग कसला, बरोबरच विचारलंत. आधी बाकीच्या दोघांना सांगते.

निनाद, पॉलसन यांचं ते श्रेय मी नाकारत नाही. ते नसते तर 16 हजार खुर्च्या नसत्या. पण ज्या ऑफिसने त्या खुर्च्या भरल्या, त्याच ऑफिसने ती तक्रार कपाटात ठेवली. स्वरालीने दोन्ही सांगावं.

सह्याद्री ताई, अमेरिकन फुटबॉल संघटनेने सॅली येट्स यांना चौकशी करायला नेमलं. त्या पूर्वी देशाच्या हंगामी अ‍ॅटर्नी जनरल होत्या. 3 ऑक्टोबर 2022 ला अहवाल आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पोर्टलंडने चौकशीच्या कामात अडथळे आणले. दुसऱ्या दिवशी आपली बेकी सॉअरब्रन, राष्ट्रीय संघाची कॅप्टन, पत्रकारांसमोर बसली आणि म्हणाली की ज्या मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी खेळाडूंना पुन्हा पुन्हा वाऱ्यावर सोडलं, त्या सगळ्यांनी जायला पाहिजे. ती ज्या क्लबचा पगार घेत होती त्याचा मालकही त्यात आलाच. पॉलसन कारभारातून बाजूला झाले. पुढच्या दिवशी गॅव्हिन विल्किन्सन आणि माइक गोलब या दोन बड्या अधिकाऱ्यांना काढलं.

आणि त्याच महिन्यात, 29 ऑक्टोबरला, या मुली वॉशिंग्टनला फायनल खेळल्या. चौथ्या मिनिटाला सोफिया स्मिथने गोल मारला, 2-0 ने जिंकल्या. मी कित्येक वर्षं मॅच बघते आहे, पण डोक्यावर एवढं ओझं असताना इतका मोकळा खेळ मी दुसऱ्या कुठल्या टीमचा पाहिलेला नाही. 1 डिसेंबरला पॉलसन यांनी क्लब विकायला काढल्याचं जाहीर केलं. जानेवारी 2023 मध्ये लीगने रायलींवर कायमची बंदी घातली आणि थॉर्न्सला 10 लाख डॉलर दंड केला.

दाद मागायला जागा म्हणाल, तर खेळाडूंची संघटना आता खरी ताकद आहे. जानेवारी 2022 च्या अखेरीस लीगबरोबर त्यांचा पहिला सामूहिक करार झाला आणि किमान पगार 35,000 डॉलर झाला. 2024 च्या नव्या करारात तो 2025 साठी 48,500 केला आणि ड्राफ्ट बंद झाला, म्हणजे कॉलेजमधून आलेल्या मुलीला कुठल्या शहरात खेळायचं ते स्वतः ठरवता येतं. पालकांना हेच सांगा. पोरीच्या हातात निवड असली की कोचला तिला धाकात ठेवता येत नाही. तक्रारीची पेटी भिंतीवर असून भागत नाही.

आता घरचं. येट्स अहवाल आला त्या आठवड्यात लेक कॉलेजातून घरी आली होती. तिचं एक डेनिम जाकीट होतं, त्यावर ती सातवीत असताना मी क्लबचा बिल्ला शिवून दिला होता, आणि पाठीवर सिंक्लेअरचा 12 नंबर. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, माझ्या शिवणाच्या डब्यातून ब्लेड घेतलं आणि एकेक टाका उसवून बिल्ला काढला. घाई केली नाही, कापड फाटू नये म्हणून जपून काढत होती. 12 नंबरला हात लावला नाही. मी चहा ठेवला आणि तिच्यासमोर बसून राहिले. बिल्ला निघाल्यावर तिथे गडद निळा गोल दिसायला लागला, कडेने सुईची भोकं. बिल्ला तिने माझ्या बटणांच्या डब्यात टाकला.

मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षीचं तिकीट घेत नाही मी. तर ती म्हणाली, आई, त्या मुली मैदानात येतील आणि गॅलरी रिकामी दिसेल, मग ती शिक्षा कुणाला झाली?

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याआधीच्या वर्षापासून आमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्टेडियमच्या आत खाणंपिणं, टी-शर्ट, काहीही विकत घेणं बंद केलं होतं. ते मी चालू ठेवलं. घरून पोळीभाजी खाऊन जायचं, आत गेल्यावर घसा फाटेपर्यंत ओरडायचं, आणि एक डॉलर खर्च न करता परत यायचं. तिकिटाचं नूतनीकरण मात्र मी विक्री जाहीर झाल्यावरच केलं. तेवढं मला मनापासून वाटलं, तेवढं केलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्या दिवसापासून यायची, तिने कायमचं सोडलं. तिचंही मला पटतं.

जानेवारी 2024 मध्ये क्लब विकला गेला, 6 कोटी 30 लाख डॉलरना. घेतला भाठल कुटुंबाने, अ‍ॅलेक्स भाठल आणि त्यांची बहीण लिसा भाठल मेराज. वडील राज भाठल भारतातून आलेले, पोहण्याच्या कपड्यांच्या व्यवसायात मोठे झाले, आणि कंपनीचं नावच राज स्पोर्ट्स आहे. तुमच्या लेकीच्या वर्गात कुणाला हे माहीत नसेल. शिवाय त्यांनी तुमच्या हिल्सबरोमध्येच बायकांच्या खेळासाठी सराव केंद्र उभारायचं जाहीर केलंय.

फॅरेलीचं सांगायचं राहिलं. ती 2016 मध्ये खेळ सोडून बसली होती. 2023 मध्ये 33 वर्षांची असताना परत आली, आणि त्या जुलैमध्ये आयर्लंडच्या बायकांच्या टीमच्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड कप मॅचमध्ये, सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध, सुरुवातीच्या अकरात उभी होती. आमच्याकडे मॅच पहाटे लागली. मी गजर लावून उठले. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा ओळीवरून फिरत गेला, ती दिसली आणि मी एकटीच दिवाणखान्यात टाळ्या वाजवत बसले.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये सिंक्लेअरची घरच्या मैदानावरची शेवटची साखळी मॅच झाली. 12 हंगाम एकाच क्लबकडून, आणि देशासाठी 190 गोल. बाई असो की बुवा, देशाकडून एवढे गोल कुणीच मारलेले नव्हते. लेक त्यासाठी मुद्दाम आली. तेच जाकीट घालून. बिल्ल्याची जागा तशीच रिकामी, पाठीवर 12.

स्वरालीची आई

काकू, काल रात्री लेकीला बसवून सगळं सांगितलं. लैंगिक वगैरे शब्द न वापरता, एवढंच की प्रशिक्षक वाईट वागला, दोन खेळाडूंनी सांगितलं आणि मोठ्यांनी ते दाबलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "सहा वर्षं म्हणजे मी पहिलीत गेले त्याच्याही आधीपासून?" मग कागद घेतला आणि मध्ये एक गोल काढून त्याच्याभोवती हात धरलेल्या मुली काढायला लागली. भाषणाची सुरुवात तिथूनच करायची म्हणते आहे. गुलाब आणि जहाजं बांधणाऱ्या बायका नंतर.

निनाद, चषकांची यादी पण घेतली आहे हो तिने. शेवटच्या मिनिटात वाचणार आहे.

तिकिटाचं ठरवलंय. सीझनचं नंतर बघू, आधी एक मॅच. कुठे बसायचं ते सांगाल का? आणि गाडीने यावं का?

मंगळवार पेठ ते बीव्हरटन

गाडी अजिबात आणू नका, तिथे पार्किंग मिळत नाही. तुम्हाला हिल्सबरोहून मॅक्सची ब्लू लाइन सरळ आहे, गाडी बदलावी लागत नाही, प्रॉव्हिडन्स पार्क स्टेशनवर उतरा की समोरच स्टेडियम. तासभर आधी या. बोगद्यात शिरण्याआधी लेकीला एखादी गोळी चघळायला द्या, कान दुखत नाहीत.

नॉर्थ एंडमध्ये, म्हणजे रिव्हेटर्सच्या उत्तरेकडच्या गॅलरीत, पूर्ण वेळ उभं राहायचं असतं, आणि 10 वर्षांच्या मुलीला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसणार नाही. पहिल्या वेळी बाजूच्या गॅलरीत, उत्तरेच्या कोपऱ्याजवळची तिकिटं घ्या. तिथून मैदानही दिसतं आणि ढोलही छातीत वाजतो. पाऊस असेल तर वरच्या रांगा घ्या, खालच्या भिजतात.

मॅच ठरली की मला कळवा. मी पाचव्या मिनिटापर्यंत माझ्या जागी असते, मग तुमच्याकडे येऊन बसेन. लेकीचा तो कागद बरोबर आणा, मला बघायचाय.